पथारीवर छापा घालण्याआधी : मराठी प्रकाशकांना खुले पत्र

मराठी प्रकाशक मंडळींना,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एकांनी मला एक निवेदन सहीसाठी पाठवले. रस्त्यावर बनावट पुस्तके विकणाऱ्यांवर कडक कारवाई व्हावी, त्यांच्या पथाऱ्या कायमच्या उठवाव्यात, अशी मागणी त्यात आहे. खाली बऱ्याच लेखक-अनुवादकांच्या सह्या आहेत आणि त्यांतल्या काहींना मी फार मानते. माझी सही अजून गेलेली नाही. दोनदा आठवणीचे फोन आले, दोन्ही वेळा मी "बघते, सांगते" म्हणून वेळ मारून नेली. ते बरे नव्हे. म्हणून हे पत्र लिहायला बसले. ते एकट्यादुकट्याला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे, कारण निवेदनही सगळ्यांच्या नावाने निघणार आहे.

बनावट पुस्तकांबद्दल मला काही वाटत नाही, असा समज कृपा करून करून घेऊ नका. माझे स्वतःचे पुस्तक पथारीवर आले आहे.

डेक्कनच्या बाजूला, संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते मला दिसले. निळ्या प्लॅस्टिकवर पुस्तके रांगेने मांडलेली होती. एका बाजूला यशाची आणि श्रीमंतीची इंग्रजी पुस्तके, त्यांचेच मराठी अनुवाद, मधे ऐतिहासिक कादंबऱ्या, आणि कडेला माझे. मी केलेला एका परदेशी डॉक्टरबाईंच्या आठवणींचा अनुवाद. मुखपृष्ठ लांबूनच ओळखले, पण रंग बिघडलेला होता. मुळातला जांभळा इथे काळपट झाला होता आणि अक्षरांच्या कडा फुटल्या होत्या. हातात घेतले तर हलके लागले. कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, मागचा मजकूर पुढे दिसणारा. कण्याचा गोंद इतका कडक की उघडताना कट्‌कन आवाज झाला.

अर्पणपत्रिकेवर 'बाबांना' एवढा एकच शब्द आहे. तो तिरका छापला गेला होता. मागच्या पानावर 'सर्व हक्क सुरक्षित' आणि त्याखाली, प्रकाशकाच्या लेखी परवानगीवाचून या पुस्तकातला कोणताही भाग पुन्हा छापता येणार नाही, ही ओळ. तीही त्यांनी तशीच्या तशी छापली होती. मी तिथेच उभी राहून पाने चाळली. सत्त्याऐंशीव्या पानावर 'पन्नास मैल' होते. ही माझी चूक. पाहिजे होते 'पाचशे'. पहिली आवृत्ती आल्यावर एका वाचकाने पत्र लिहून दाखवून दिली आणि दुसऱ्या आवृत्तीत ती आपण दुरुस्त केली. म्हणजे आतला मजकूर पहिल्या आवृत्तीवरून उचललेला आणि मुखपृष्ठ मात्र तिसऱ्या आवृत्तीचे.

पुढे गेले तर १४४ व्या पानानंतर पुन्हा १२९ वे पान लागले. सोळा पानांचा एक फर्मा दोनदा बांधला गेला होता आणि त्याच्या पुढचा, १४५ ते १६०, गायब होता. त्या सोळा पानांत त्या डॉक्टरबाईंचा मुलगा जातो. त्या पानांवर मी एका पावसाळ्याचे दोन महिने घालवले होते. बाईंचे वाक्य तुटक होते, मराठीत ते रडके व्हायचे, पुन्हा पुन्हा मोडून केले. ज्यांनी कोणी ही प्रत विकत घेतली असेल, त्यांच्या पुस्तकात ते मूल १४४ व्या पानावर तापाने फणफणलेले आहे आणि नंतर त्याचे नाव येतच नाही.

विकणारा मुलगा तिशीच्या आतला. मला म्हणाला, "मॅडम, दुकानात हेच तीनशेवीसला आहे. तुम्हाला दीडशेला देतो."

"हे ओरिजनल नाही ना?"

"नाही मॅडम. पण मजकूर सगळा तोच. अक्षर न् अक्षर."

"मजकूर तोच नाहीये. सोळा पानं नाहीत यात. माझं पुस्तक आहे हे, मला माहीत आहे."

त्याने मुखपृष्ठाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "तुम्ही लिहिलंय?"

"अनुवाद केलाय."

त्याने माझ्या हातून प्रत घेतली आणि स्वतः पान न् पान मोजले. मग खालच्या गठ्ठ्यातल्या तीन प्रती काढून, प्लॅस्टिक फाडून त्याही पाहिल्या. तिन्हींत तेच. "सगळा लॉटच असा आलाय," असे तो हळू आवाजात म्हणाला. मग स्वतः बसायचे प्लॅस्टिकचे स्टूल पुसून माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाला, "बसा ताई."

मी बसले. त्या दिवशी तास-दीड तास बसले आणि नंतरही कितीदा तरी गेले. तो लातूर जिल्ह्यातला आहे. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आला, चार वर्षे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत काढली. दोनदा पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य निघाली नाही. घरून पैसे यायचे थांबले तेव्हा खोलीतल्या एका मोठ्या मुलाबरोबर जुनी पुस्तके विकायला लागला. परीक्षा सोडून गेलेल्यांची पुस्तके रद्दीच्या भावात घ्यायची आणि नव्याने आलेल्यांना अर्ध्या किमतीत द्यायची. त्यात काहीच गैर नव्हते. कायद्याच्या दृष्टीनेही नाही. आपला कॉपीराइटचा कायदा एकदा रीतसर बाजारात आलेली प्रत पुन्हा विकायला अडवत नाही. नंतर एक माणूस आला आणि म्हणाला, नवा माल ठेव, उधारीवर देतो.

माल शनिवारी रात्री येतो. आणणारा मागच्या आठवड्याचे पैसे घेतो, बिल देत नाही. ह्याच्याकडे फक्त त्याचा मोबाइल नंबर, तोही अधूनमधून बदलतो. "छापखाना कुठं आहे ते आम्हाला सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही," असे त्याने सरळ सांगितले. माझे पुस्तक त्याला नव्वदला पडते. दीडशे सांगतो, घासाघीस होऊन एकशेवीसला जाते. सुटतात तीस.

माझा करार साडेसात टक्क्यांचा आहे. ३२० रुपयांच्या पुस्तकामागे मला २४ रुपये मिळतात. त्या रात्री मी हा हिशेब कागदावर मांडला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. एका पुस्तकावर मला चोवीस, त्याला तीस. त्याच्या तिसात ऊन आहे, पाऊस आहे, पोट आहे. माझ्या चोविसात दीड वर्षाचे काम आहे. आणि उरलेल्या नव्वदातून कागद-शाईचा खर्च वजा जाता जे राहते, ते एका अशा माणसाच्या खिशात जाते की ज्याने एक ओळ लिहिली नाही, तपासली नाही आणि रस्त्यावर उभे राहून विकलीही नाही. मला नाही, त्या मुलालाही नाही, आम्हा दोघांनाही तो माणूस माहीत नाही.

तुमच्या निवेदनात तो माणूस कुठेच नाही. दोन पानांच्या निवेदनात 'फेरीवाले', 'पथारीवाले', 'रस्त्यावरील विक्रेते' हे शब्द मी अकरा वेळा मोजले. 'छापखाना' एकदाही आलेला नाही.

हे मला जास्त लागण्याचे कारण घरचे आहे. माझे वडील जुळारी होते, म्हणजे छपाईसाठी धातूची अक्षरे, खिळे, जुळवणारे. नारायण पेठेतल्या एका वाड्यात छापखाना होता, तिथे त्यांनी सव्वीस वर्षे खिळे जुळवले. बोटांची टोके कायम काळी असायची. कोणतेही पुस्तक हातात आले की ते आधी मुद्रकाचे नाव शोधायचे. लेखक, प्रकाशक नंतर. "ज्यानं छापलं त्यानं नाव दिलंच पाहिजे," म्हणायचे. "काम चांगलं असो की वाईट." मला लहानपणी ती त्यांची लकब वाटायची. पुढे कळले की तो कायदाच होता. इंग्रजांनी १८६७ मध्ये छापखाने आणि पुस्तके यांचा कायदा केला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणाचे ठिकाण असलेच पाहिजे, असे त्यात होते. सरकारला लोकांवर नजर ठेवायची होती म्हणून केलेला तो कायदा. पण त्यामुळे दीडशे वर्षे आपल्या पुस्तकांवर छापणाऱ्याचे नाव राहिले. २०२४ च्या मार्चपासून तो कायदा गेला आणि त्याच्या जागी आलेला नियतकालिकांपुरता आहे.

माझ्या त्या बनावट प्रतीवर मुद्रकाचे नाव आहे. ते खऱ्या मुद्रकाचे आहे. ज्या छापखान्याने माझे पुस्तक नीट छापले, नीट बांधले, त्याचे नाव त्या तुटक्या, सोळा पाने हरवलेल्या प्रतीवर बसले आहे. बाबा असते तर त्यांना चोरीपेक्षा ह्या गोष्टीचा राग आला असता.

कायदा काय म्हणतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, तरी एकदा समोर ठेवते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात बनावट प्रत छापणारा आणि विक्रीला मांडणारा दोघेही गुन्हेगारच. कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. म्हणजे पोलिस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि जामीन हा हक्क राहत नाही. कायदा दोघांना एकाच मापाने मोजतो, पण हाताला लागतो तो एकच, जो रोज संध्याकाळी ठरल्या जागी प्लॅस्टिक अंथरतो. बनावट प्रतींसाठी छपाईची प्लेट बाळगणाऱ्यालाही त्याच कायद्यात वेगळे कलम आहे, ६५ वे. ते वापरून आपण किती दारे ठोठावली, हे एकदा आपापसांत बसून मोजा.

छापा पडतो तेव्हा काय होते ते मी पाहिले आहे. "गाडी आली, गाडी आली" अशी ओरड झाली आणि दोन मिनिटांत रस्ता बदलला. ज्यांना पळता आले त्यांनी चादरीचे चार कोपरे धरले आणि बोळात शिरले. ह्याला जमले नाही. पथकातल्या माणसांनी प्लॅस्टिकसकट सगळे उचलून टेम्पोत टाकले. बनावट कोणते आणि जुने कोणते हे बघायला कोणी थांबले नाही. जुने शब्दकोश, सुतळीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे, कोणीतरी समासात पेन्सिलीने टिपा काढलेली राज्यशास्त्राची पुस्तके, सगळे एकत्र. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात जप्त मालाची यादी करून तिची प्रत विक्रेत्याला द्यायची असे आहे, आणि नाशवंत नसलेला माल मागणी केल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत परत करायचा असेही आहे. त्या दिवशी कोणी कागद लिहिताना मला दिसले नाही. बनावट माल परत मिळू नये हे मान्य. पण त्याचे रीतसर विकत घेतलेले दिवाळी अंक कशासाठी गेले?

आता पुढचे ऐका, कारण माझी सही अडली आहे ती ह्या ठिकाणी. पंधरा दिवसांनी तो पुन्हा तिथेच बसला होता. छाप्याआधी त्याच्याकडे निम्म्याहून जास्त पुस्तके जुनी, खरी असायची. आता सगळी पथारी बनावट मालाची. मी विचारले तेव्हा म्हणाला, "ताई, चाळीस हजारांचा माल गेला. त्यातला निम्मा उधारीचा. तो माणूस म्हणाला, पैशाचं टेन्शन घेऊ नको, माझा माल विक आणि फेड. जुनी पुस्तकं घ्यायला रोख लागतं, ते कुठून आणू?"

छाप्याने हे घडवले. जो अर्धा मुक्त होता तो पुरता त्या माणसाच्या मुठीत गेला. छापणाऱ्याचे नुकसान झाले नाही, उलट त्याला एक हक्काचा विक्रेता मिळाला, तोही कर्जात अडकलेला. असे आणखी शंभर छापे घाला, त्याला चालेल.

हे सांगताना त्या मुलाची जबाबदारी मी झटकत नाही. त्याला माहीत होते. पहिल्या दिवशी त्याने मला "नाही मॅडम, ओरिजनल नाही" असे डोळ्यांत बघून सांगितले होते. चार वर्षे राज्यघटना पाठ केलेला मुलगा आहे, चोरीचा माल म्हणजे काय ते त्याला शिकवायला नको. मी त्याला हे बोललेही. तो गप्प बसला. मला त्याच्याबद्दल माया वाटते आणि त्याचा रागही येतो. दोन्ही एकाच वेळी वाटते, आणि त्यातले एक खोडून टाकायला मला जमलेले नाही.

रागाच्या आड एक जुनी गोष्ट येते. १९९३ मध्ये मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. मुंबईला मावशीकडे गेले असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून एक मोठा इंग्रजी शब्दकोश घेतला. दुकानातली किंमत ऐकून मी आधी परत फिरले होते. फुटपाथवर तोच साठ रुपयांना मिळाला. पातळ कागद, मधेच शाईचे डाग, एका अक्षराची काही पाने इतकी फिकट की उजेडात धरावी लागत. तेव्हा मला कळले नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. कळले होते, आणि मी घेतला. त्या शब्दकोशावर मी अनुवाद शिकले. पहिली तीन पुस्तके त्याच्यावर झाली. पुढे पैसे आले तेव्हा खरी प्रत घेतली, पण जुनी टाकवली नाही, अजून कपाटात आहे. त्या कोशासाठी ज्यांनी आयुष्य घातले त्यांचे काहीतरी मी बुडवले आहे, आणि ते फेडायचा मार्ग मला आजवर सापडलेला नाही. आज जी मुलगी पथारीवर वाकून माझे पुस्तक एकशेवीसला मागते, तिला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ती वाचते आहे. तिच्या हातात सोळा पाने नसलेली प्रत पडू नये, एवढे मात्र मला मनापासून वाटते.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, दया दाखवून धंदा चालत नाही. मग धंद्याचेच बोलू. रेल्वे स्टेशनांबाहेर सिनेमांच्या बनावट सीड्या विकणारे आठवतात? त्यांच्यासाठी महाराष्ट्राने २००९ मध्ये गुंडांना स्थानबद्ध करण्याच्या १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती केली. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या ओळीत व्हिडिओ पायरेट आले. खटल्याशिवाय वर्षभर स्थानबद्ध ठेवता येईल इतका कडक कायदा. सीड्या तरी विकल्या जातच होत्या. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, लोक फोनवर सिनेमे बघू लागले, आणि ती दुकाने आपोआप उठली. आता चोरी फोनवर गेली आहे, तो भाग निराळा. पुस्तकांचेही तेच आहे. आपल्या चांगल्या घरांतल्या व्हॉट्सअॅप गटांवर "पीडीएफ आहे का?" असे विचारताना कोणाला अवघड वाटत नाही, आणि पाठवणाऱ्याला वर हात जोडलेले चित्र मिळते. त्यांच्या दारात टेम्पो जात नाही.

आणि उगमापर्यंत जाता येत नाही, असेही नाही. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका शिक्षिकेच्या तक्रारीवरून टेलिग्रामला तिचे अभ्याससाहित्य फुकट वाटणाऱ्या चॅनेलच्या चालकांची माहिती द्यायला लावली. एवढ्या मोठ्या परदेशी कंपनीकडून नावे काढता येतात, तर शनिवारी रात्री येणाऱ्या टेम्पोचा माग का निघू नये? दिल्लीचेच दुसरे एक उदाहरण तुम्हाला माहीत असेल. विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये खटला भरला. तेव्हा तीनशेहून अधिक लेखक-अभ्यासकांनी प्रकाशकांनाच पत्र लिहिले की खटला मागे घ्या, त्यात ज्यांची पुस्तके झेरॉक्स होत होती तेही होते. २०१६ मध्ये न्यायालयाने शिक्षणासाठीच्या त्या प्रतींना मुभा दिली. पथारीवरच्या नफ्याच्या धंद्याला ती मुभा लागू होत नाही, हे मी जाणते. मी ते उदाहरण एवढ्यासाठी देते की लेखकांनी प्रकाशकांना असे पत्र लिहिणे म्हणजे वैर नव्हे.

मग मी काय मागते? निवेदनातला पथाऱ्या उठवण्याचा परिच्छेद काढा आणि छापणाऱ्याचा शोध घ्या असा परिच्छेद घाला. शोध कसा घ्यायचा ते बाबांच्या पोरीला थोडेफार कळते. प्रत हातात घेतली की ती बोलते. पहिल्या आवृत्तीचा मजकूर आणि तिसऱ्या आवृत्तीचे मुखपृष्ठ कुठे एकत्र आले, दोनदा लागलेला फर्मा आणखी कुठल्या गावच्या प्रतींत आहे, कागद कोणता, गोंद कोणता, लॅमिनेशन कोणाचे. आपल्या बाइंडरांना विचारा, ते हात फिरवून सांगतील. तपास तिथून सुरू झाला पाहिजे. पथारीवाल्याला आरोपी न करता साक्षीदार करून घेता येईल का, हे तुमच्या वकिलांना विचारा. त्याच्याकडे नंबर आहे, वार आहे, वेळ आहे. पण उद्या तोच आत जाणार असेल तर तो तोंड कशाला उघडेल?

दुसरे म्हणजे त्याला आपली पुस्तके द्या. विकली तर पैसे, नाही तर परत, ह्या बोलीवर. दुकानदाराला तुम्ही तीस-चाळीस टक्के कमिशन देताच, त्याला द्यायला काय हरकत आहे? पथारीवाल्याची हमी कोण घेणार, असे तुम्ही विचाराल. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांनी ज्या शहरात हमालांची पंचायत उभी केली, त्या शहरात असे विचारणे मला पटत नाही. पथविक्रेता कायद्याप्रमाणे प्रत्येक शहरात समिती असते आणि तिच्यात किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांमधून निवडून आलेल्यांच्या असतात. त्यांच्याशी बोलायला जा. मीही येते. तुमच्या गोदामांत दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीचे गठ्ठे वाळवी लागायची वाट बघत पडलेत. कित्येक तालुक्यांच्या गावी पुस्तकाचे दुकान नाही, आहे ते वह्या आणि गाइडचे. तिथल्या बाजारच्या दिवशी चादर अंथरून बसणारा माणूस तुमचा विक्रेता व्हायला काय वाईट?

आणि साधी, स्वस्त आवृत्ती काढा. साने गुरुजींच्या पुस्तकांवरचा हक्क २०११ पासून सगळ्यांना मोकळा झाला, तेव्हापासून कोणालाही ती कायदेशीरपणे छापून स्वस्तात विकता येतात. पथारीवर ठेवायला त्या मुलाला ती चालतात आणि त्यांच्यामुळे कोणाची चोरी होत नाही. माझ्या हयातीतल्या पुस्तकाचेही काहीतरी तसे करता येईल. जाड कागद नको, चकचकीत मुखपृष्ठ नको. पहिली आवृत्ती संपल्यावर १६० रुपयांची एक प्रत काढा, माझे साडेसात टक्के बारा रुपयांवर येऊ देत. मी लेखी देते.

शेवटची गोष्ट बोलायला जड जाते, पण ती न बोलता हे पत्र खोटे होईल. निवेदनात लिहिले आहे की पायरसीमुळे लेखक-अनुवादकांचे मोठे नुकसान होते. माझे किती झाले, हे मला सांगता येत नाही. कारण माझी किती पुस्तके खरोखर विकली गेली, हेच मला कळलेले नाही. एका पुस्तकाचे विक्रीपत्रक मला गेली दोन वर्षे आलेले नाही. कोणाकडून, ते इथे लिहीत नाही, भांडण काढायचा माझा हेतू नाही. पण माझ्यासारखे आणखी आहेत. पथारीवाल्याने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते की माझ्या पुस्तकाच्या त्याने आजवर एकतीस प्रती विकल्या. वहीत लिहून ठेवल्या होत्या. हे वाचून कोणाला वाईट वाटले तर मला माफ करा, पण ते विक्रीपत्रक पाठवा.

निवेदनाचा तो परिच्छेद बदलला की मला कळवा, त्याच दिवशी सही करून पाठवते. एकशेवीस रुपयांना घेतलेली ती प्रत मी जपून ठेवली आहे. १४४ आणि १२९ ह्या पानांच्या मधे खूण घातली आहे आणि कण्याचा गोंद जिथे सुटलाय तिथे हात लावलेला नाही. तपासाला लागली तर सांगा, मी स्वतः आणून देते.

आपली,
एक अनुवादक
पुणे